स्वयंपाकघराला लाकूड की टाईल? (हॉलला आधीपासून लाकूड आहे)

चौकट
नमस्कार मंडळी. स्वयंपाकघराची जमीन नव्याने करायचीये आणि घरात सरळ दोन तट पडलेत. हॉलला ओकच्या इंजिनिअर्ड पट्ट्या आहेत, चांगल्या टिकल्यात, आणि आता हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत आम्ही काढतोय. त्यामुळे नवऱ्याचं म्हणणं की तेच लाकूड सरळ पुढे न्यायचं, एकसंध दिसेल. सासूबाईंचं म्हणणं की सिंक असलेल्या खोलीत लाकूड टाकायचंच नाही, टाईल हवी. मला दोघांचंही पटतं आणि तिथेच गाडी अडलीये.
माहिती अशी: तळमजला, खाली काँक्रीटचा कोबा, त्यावर सध्या जुनं व्हिनाइल चिकटवलेलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, घरात रांगणारं बाळ आहे आणि एक कुत्रा. डिशवॉशर येणार आहे. कुणी दोन्ही वापरलंय का? दिसण्यापेक्षा वापरताना काय होतं ते सांगा.

निळीशाई
टाईल. डोळे मिटून टाईल. साफ करायला सोपी, विषय संपला.

सुतारपक्षी
विषय इतक्यात संपत नाही हो :) मी लाकडाच्या बाजूने बोलणार आहे कारण 'स्वयंपाकघरात लाकूड नकोच' हे सगळे एकमेकांचं ऐकून म्हणतात. शिंतोडे, सांडलेला पाण्याचा पेला, ओलं फडकं, यातल्या कशानेही चांगलं फिनिश असलेलं लाकूड खराब होत नाही, लगेच पुसलं की झालं. लाकडाला मारतं ते साचून राहिलेलं पाणी आणि खालून येणारी ओल, आणि या दोन्ही गोष्टी आपल्याला दिसत नाहीत म्हणून जास्त वाईट.
लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, त्यानुसार ते रुंदीत फुगतं आणि आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच नाही. त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढी हालचाल होते तिच्या साधारण निम्मीच केंद्राकडून बाहेरच्या दिशेने होते, म्हणून क्वार्टर-सॉन पट्टी (खोड केंद्राकडून बाहेरच्या दिशेने कापून काढलेली) जास्त शहाण्यासारखी वागते. इंजिनिअर्डमध्ये वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली एकमेकांना आडवे चिकटवलेले थर असतात, एक थर हलायला गेला की दुसरा त्याला धरून ठेवतो. हॉलच्या पट्ट्या टिकल्यात त्यामागे हे एक मोठं कारण. तेव्हा लाकूड लावायचंच झालं तर तुमच्याकडे इंजिनिअर्डच हवं, सॉलिड पट्टी तळमजल्याच्या कोब्यावर मी स्वतः लावणार नाही.
बाळासाठी म्हणाल तर लाकूड हाताला, पायाला थंड लागत नाही. टाईल उष्णता लाकडापेक्षा कितीतरी पट वेगाने ओढून घेते, त्यामुळे खोलीचं तापमान तेच असूनही टाईल गार वाटते. काचेचा पेला पडला तर लाकडावर वाचण्याची शक्यता जास्त. आणि २० वर्षांनी लाकूड घासून नवं करता येतं, टाईलचं तसं काही नाही.

ओळंबा
मी फ्लोअरिंगचं काम करतो, लाकूड आणि टाईल दोन्ही, त्यामुळे मला कुठलीच बाजू नाही. पण तुम्ही सगळे वरचा थर निवडताय, आणि जमीन बिघडते ती नेहमी खालून. चौकट ताई, आधी कोब्यात ओल आहे का ते बघा, लाकूड की टाईल हे त्यानंतर.
त्याच्याही आधी एक. ते व्हिनाइल किती जुनं आहे? १९८० च्या आधीचं असेल तर त्यात किंवा त्याखालच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ज्याची धूळ श्वासातून गेली तर फुफ्फुसांना घातक. तसं वाटत असेल तर उचकटू नका, फोडू नका, मशीनने तर अजिबात घासू नका, तुकडा तपासून देणाऱ्या माणसाकडूनच नमुना घेऊन तपासून घ्या.
नवं असेल तर एका कोपऱ्यातलं व्हिनाइल काढा, कोबा झाडून पुसून घ्या, ४५ बाय ४५ सेमीचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारही कडा टेपने हवाबंद चिकटवा. किमान १६ तास हात लावू नका, मग उचलून बघा. खालच्या बाजूला थेंब धरले असतील किंवा तेवढा कोबा काळपट पडला असेल तर ओल आहे. कोरडं निघालं तरी लगेच लाकूड मागवू नका, कारण ही चाचणी 'ओल आहे' हे सांगते, 'ओल नाही' याची खात्री देत नाही. त्यासाठी कोब्यात भोक पाडून आत प्रोब ठेवतात आणि आतली आर्द्रता मोजतात. भोक कोब्याच्या जाडीच्या ४० टक्के खोल घ्यायचं असतं कारण कोबा वरून आधी सुकतो आणि पोटात ओला राहतो, नुसतं वरून मीटर टेकवणारे बरेच जण तिथेच फसतात.

चौकट
व्हिनाइल नवं आहे, आमच्याच काळात घातलेलं, बारा-पंधरा वर्षांपूर्वी. प्लास्टिक आज लावते. तोपर्यंत गुडघ्यांबद्दल कुणी सांगेल का? सासूबाई टाईल म्हणतायत खरं, पण उभं राहायचं त्यांनाच असतं.

पायरी
मी पुनर्वसनाच्या क्षेत्रात काम करते, पडून हाड मोडलेले लोक रोज बघते, म्हणून यावर जरा सविस्तर.
गुडघ्यांसाठी लाकूड मऊ असतं हे तेव्हाच खरं जेव्हा लाकूड खाली लाकडी तुळयांवर किंवा पट्ट्यांवर ठोकलेलं असतं आणि त्याखाली पोकळी असते. तसं लाकूड किंचित दबतं. कोब्यावर गोंदाने चिकटवलेलं १४ मिमी लाकूड कुठे दबणार? तुमच्या बाबतीत उभं राहण्याच्या दृष्टीने दोन्ही कठीणच धरून चाला. जिथे जास्त वेळ उभं राहायचं तिथे जाड मॅट टाका, कडा उतरत्या असलेली, म्हणजे अडखळायला होणार नाही. खालून न सरकणारी.
माझी खरी काळजी पाय घसरण्याची आहे. टाईल बघायला गेलात की चकचकीत पॉलिशवाली आधी दाखवतात, ती सुंदर दिसते आणि ओली झाली की धोकादायक. टाईलच्या माहितीत 'आर ९', 'आर १०', 'आर ११' असं लिहिलेलं असतं ते विचारा. ही चाचणी कशी करतात ते कळलं तर आकडा लक्षात राहील: टाईलचा उतार करतात, त्यावर तेल ओततात, ठरावीक बूट घातलेला माणूस त्यावर मागेपुढे चालतो आणि उतार हळूहळू वाढवत नेतात, कुठल्या कोनाला तो घसरतो ते बघतात. आर ९ म्हणजे ६ ते १० अंश, आर १० म्हणजे १० ते १९ अंश, आर ११ म्हणजे १९ ते २७. घरच्या स्वयंपाकघराला मी आर १० घेते. अनवाणी चालण्यासाठी वेगळी चाचणी आहे, साबणाच्या पाण्यावर करतात, तिचे ए, बी, सी असे वर्ग असतात, घरात कुणी अनवाणी फिरत असेल तर तेही विचारा. काही ठिकाणी हे आकडे नसतात, 'डीसीओएफ' (चालताना पायाला किती पकड मिळते त्याचा आकडा) लिहिलेलं असतं, त्यात ओल्या सपाट जमिनीसाठी किमान ०.४२ हवं.
फार खरखरीतही नको. आर ११ च्या वरच्या टाईलमध्ये तेलकट मळ अडकतो, आणि मग तो मळच निसरडा होतो.
लाकूड घसरत नाही असंही समजू नका. चकचकीत फिनिशच्या लाकडावर पाणी आणि पायात मोजे, हे मी फार वेळा ऐकलंय.

रानवारा
पायरी यांना अनुमोदन. आमच्याकडे आईसाठी मॅट फिनिशच्या पोर्सेलिन टाईल टाकल्या, लहान मापाच्या, म्हणजे सांधे जास्त आणि पायाला पकड जास्त. ती आता न घाबरता वावरते, आणखी काय हवं.
कुत्र्याबद्दल: नखांच्या रेघा लाकडाच्या फिनिशवर दिसतातच. रंग फिका आणि फिनिश मॅट असेल तर कमी दिसतात. गडद चकचकीत लाकूड असेल तर रोज दिसतील.

निळीशाई
मग मधला मार्ग का नको? लॅमिनेट किंवा ते एसपीसी क्लिकवालं, लाकडासारखं दिसतं आणि वॉटरप्रूफ म्हणून विकतात.

ओळंबा
लॅमिनेट स्वयंपाकघरात नको. आत दाबलेल्या लाकूड-भुश्याचा बोर्ड असतो, सांध्यातून पाणी गेलं की कडा फुगतात आणि वाळल्यावर परत बसत नाहीत. एसपीसी म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी, ती पट्टी पाण्याने खराब होत नाही हे खरं, पण पाणी सांध्यातून किंवा कडेने खाली गेलं की तिथेच कोंडून राहतं, आणि खालून ओल असेल तर तीही. पट्टी टिकते, खाली बुरशी आणि वास. आधी कोबा कळू दे.

सुतारपक्षी
चौकट ताई, निकाल येईपर्यंत फिनिशचं सांगून ठेवतो, हॉलसाठीही उपयोगी पडेल. लाकडावर दोन प्रकारचं फिनिश असतं. पॉलियुरेथिनचा वर पातळ पापुद्रा बनतो, तो पाणी चांगलं अडवतो, पण एका जागी खरवडला गेला तर तेवढाच भाग दुरुस्त केला की ठिगळ दिसतं, शेवटी पूर्ण खोली घासावी लागते. हार्डवॅक्स ऑइल लाकडात मुरतं, पापुद्रा नाही, त्यामुळे सिंकसमोरचा तेवढाच चौकोन बारीक सॅंडपेपरने घासून परत ऑइल लावलं की दिसतही नाही. पण ते अधूनमधून लावत राहावं लागतं, विशेषतः जिथे वावर जास्त. स्वयंपाकघरात लाकूड असेल तर मी ऑइलच निवडतो, कारण तिथे खराब होणार ते दोन-तीन ठरलेल्या जागीच.
आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा: जवसाचं तेल असलेल्या ऑइलने भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आतल्या आत तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळं पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

चौकट
प्लास्टिक काढलं. थेंब. नुसतं दमट नाही, बोट फिरवलं तर ओघळ आला. आणि खालचा चौकोन आजूबाजूच्या कोब्यापेक्षा चांगलाच गडद. नवरा गप्प झालाय. म्हणजे लाकूड बाद ना?

सुतारपक्षी
मनापासून वाईट वाटलं, पण बरं झालं आधी कळलं. यावर लाकूड टाकलं असतं तर पट्टीची खालची बाजू ओली आणि वरची कोरडी राहिली असती, खालची फुगते, वरची नाही, आणि प्रत्येक पट्टीच्या कडा उचलून जमीन पन्हळी पत्र्यासारखी होते. आणि तेव्हा लोक घाईने मशीन मारून कडा घासून सपाट करतात. मग ओल गेली की पट्टी परत सरळ होते आणि घासलेल्या कडा खाली जाऊन मधला भाग टेकाडासारखा वर राहतो. दोनदा नुकसान.
एक विचारतो. कुठल्या कोपऱ्यात लावलं होतं? सिंकजवळ असेल तर पाइप गळत असू शकतो, ती ओल जमिनीची नव्हे. तीन जागी लावून बघा: सिंकजवळ, बाहेरच्या भिंतीजवळ आणि हॉलच्या बाजूला.

ओळंबा
अगदी हेच लिहायला आलो होतो. आणि शक्य असेल तर हॉलच्या कोब्याबद्दलही शोधा, तिथे ओल का नाही?

चौकट
तिन्ही जागी लावलं. बाहेरच्या भिंतीजवळ सगळ्यात जास्त, सिंकजवळ मध्यम, हॉलच्या बाजूला थोडं पण आहे. पाइप प्लंबरने तपासला, गळत नाही.
आणि हॉलचं कोडं सुटलं. सासूबाईंनी सांगितलं की स्वयंपाकघर हा मूळ घराचा भाग आणि हॉल नंतर वाढवलेला. हॉलचा कोबा घालताना खाली जाड प्लास्टिक अंथरलं होतं, त्यांना चांगलं आठवतं कारण पाऊस येईल म्हणून घाई चालली होती. स्वयंपाकघराखाली तसलं काही नाही. म्हणजे एकाच घरात दोन वेगळ्या जमिनी.

ओळंबा
ताई, सासूबाईंनी आख्ख्या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली. जरा लांबण लागेल पण वाचा.
दोन कोबे वेगवेगळ्या वेळी घातलेत, म्हणजे जी भिंत तुम्ही काढताय तिच्याखालीच कुठेतरी त्यांचा जोड आहे. दोन्ही कोबे आपापले आकसतात, फुगतात, बसतात. त्या जोडावरून तुम्ही लाकूड न्या नाहीतर टाईल न्या, वर काहीही सलग टाकलं तरी तिथेच फुटणार. टाईलला तर हमखास सरळ रेषेत तडा जातो आणि मग गवंड्याला दोष देतात. भिंत पाडल्यावर तो जोड उघडा करून घ्या, नेमका कुठून जातो ते खडूने आखून ठेवा, आणि वरची जमीन त्याच रेषेवर तोडा. हॉलचं लाकूड त्या रेषेच्या अलीकडे थांबेल, टाईल पलीकडून सुरू होईल, मधे लवचिक सांधा आणि त्यावर पट्टी. नवऱ्याला जे तुटक दिसेल असं वाटतंय ते तुटायलाच हवं अशी जागा आहे ती.
आता ओलीबद्दल. बाहेरच्या भिंतीजवळ जास्त आहे म्हणजे बाहेर बघा: मातीची पातळी आतल्या जमिनीपेक्षा वर चढलीये का, छपराचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं का, उतार घराकडे आहे का. माती खाली उतरवणं आणि पाणी लांब नेणं हे काम आत काहीही करायच्या आधी. टाईलला ओलीने काही होत नाही म्हणून ओल तशीच सोडायची असं नाही. ओल सांध्यांतून वर येते, येताना क्षार घेऊन येते आणि ग्राउटवर (सांध्यांत भरतात त्या मसाल्यावर) पांढरी बुरशीसारखी पावडर धरते, ती पुसली तरी परत येते. आणि ओल तशीच ठेवून सांधे इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या रेझिनने) बंद केले तर ओल कडेला सरकते, भिंतीच्या पायात चढते, नाहीतर तुमच्या हॉलच्या लाकडाखाली घुसू बघते.
म्हणून बाहेरचं काम झालं की व्हिनाइलचा गोंद पूर्ण खरवडून काढायचा, कोबा घासायचा आणि ओल अडवणाऱ्या इपॉक्सीचे दोन हात. शेवटचा हात ओला असतानाच त्यावर कोरडी वाळू भुरभुरायची म्हणजे टाईलचं अ‍ॅडहेसिव्ह धरेल, नाहीतर गुळगुळीत इपॉक्सीवर ते नीट पकडत नाही.

सुतारपक्षी
मी माझं मत बदलत नाही, कोरड्या कोब्यावर मी आजही स्वयंपाकघराला लाकूडच लावेन. इपॉक्सीने ओल अडवून त्यावर लाकूडही लावता येतं, लोक लावतात. पण ओल एवढी असताना सगळी भिस्त एका थरावर ठेवायची, तो कुठे एका जागी राहून गेला तर लाकूड लगेच सांगतं आणि टाईल निभावून नेते. तुमच्या घरात टाईल. ओळंबांनी सांगितलेली रेषा ऐका.

चौकट
घरात वाचून दाखवलं. नवरा तयार आहे, त्याला 'तुटायलाच हवं अशी जागा' हे पटलं. बाहेर माती खरंच चढलेली आहे, फुलझाडांचा वाफा भिंतीला टेकून केलेला आहे, तो काढतोय. आता टाईल कुठली? मोठी छान दिसते, रानवारा लहान म्हणतायत. आणि लाकडासारखी दिसणारी टाईल घेतली तर हॉलशी जुळेल का?

रानवारा
खऱ्या ओकला लागून लाकडाच्या छापाची टाईल नका घेऊ असं मी म्हणेन. दोन्ही शेजारी आले की छाप लगेच ओळखू येतो, आणि खरं लाकूड काळानुसार रंग बदलतं, टाईल बदलत नाही. सरळ टाईलसारखी दिसणारी टाईल घ्या, रंगाची ऊब जुळली की झालं.

ओळंबा
सहमत. आणि लांब पट्टीच्या टाईल भट्टीत किंचित वाकतात, मधोमध थोडा फुगवटा असतो. विटांसारख्या निम्म्यावर सरकवून लावल्या तर एकीचा मध्य दुसरीच्या टोकाशी येतो आणि कडा पायाला लागतात. लावायच्याच असतील तर एक तृतीयांश सरकवून, त्याहून जास्त नाही.
पोर्सेलिन किंवा व्हिट्रिफाइड घ्या, पाणी शोषण ०.५ टक्के किंवा कमी. आतला रंग वरच्यासारखाच असेल अशी मिळाली तर उत्तम, टवका उडाला तरी पांढरा डाग दिसत नाही. मापाचं म्हणाल तर टाईल जेवढी मोठी तेवढा कोबा सपाट लागतो. एक बाजू ३८ सेमीच्या वर असेल तर ३ मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट चालत नाही, लहान टाईलला ६ मिमीपर्यंत निभावतं. जुना कोबा एवढा सपाट क्वचित असतो, मोठी टाईल घेतली तर आधी सेल्फ-लेव्हलिंग (ओतलं की आपोआप सपाट पसरणारं सिमेंटचं मिश्रण) धरा.
लावताना तुम्ही स्वतः उभ्या राहा आणि एकच गोष्ट बघा. टाईलच्या मागे चार कोपऱ्यांत आणि मधे एक असे गोळे ठेवून टाईल बसवत असतील तर काम थांबवा. गोळ्यांमधे पोकळी राहते, जड भांडं पडलं की नेमकी तिथे फुटते. दातेरी थापीने अ‍ॅडहेसिव्ह एकाच दिशेने ओढायचं, टाईलच्या पाठीवरही पातळ हात द्यायचा, आणि टाईल त्या रेघांना आडवी थोडी सरकवून दाबायची म्हणजे रेघा मोडून हवा निघून जाते. अधूनमधून एक टाईल बसवल्या बसवल्या उचलून पाठ बघायची. पाठीचा निदान ८० टक्के भाग माखलेला पाहिजे, स्वयंपाकघरात मी त्याहून जास्तच धरतो. दुसऱ्या दिवशी लाकडी दांड्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तेव्हाच बदलून घ्या.

पायरी
ग्राउटचंही सांगा, बाळ रांगतंय तिथे.

ओळंबा
सिमेंटचं ग्राउट तेल आणि रंग शोषतं, सिंक आणि शेगडीसमोर काळं पडतं, मग लोक अ‍ॅसिड ओततात आणि अ‍ॅसिड सिमेंटच खातं. इपॉक्सी ग्राउट शोषत नाही. भरायला किचकट, टाईलवरून लगेच पुसावं लागतं नाहीतर चिकट थर कायमचा बसतो, म्हणून हात बसलेला माणूस बघा. सांधा २-३ मिमी. भिंतीला लागून मात्र ग्राउट भरायचंच नाही, तिथे ६-८ मिमी जागा मोकळी ठेवून वर स्कर्टिंग. ती जागा सिमेंटने बुजवली की टाईलला पसरायला वाव राहत नाही आणि खोलीच्या मधोमध दोन टाईल तंबूसारख्या उभ्या राहतात.

चौकट
शेवटचे दोन प्रश्न. हॉल आणि स्वयंपाकघर एका लेव्हलला येईल का? आणि टाईल कॅबिनेटच्या खालपर्यंत न्यायची की पुढेच थांबवायची? पुढे थांबवली तर बऱ्याच टाईल वाचतात असं आमचा मिस्त्री म्हणतो.

ओळंबा
लेव्हल: हॉलला १४ मिमी पट्टी आणि गोंद धरून साधारण १६ मिमी. टाईल १० मिमी आणि अ‍ॅडहेसिव्ह दाबल्यावर ४-५ मिमी म्हणजे १५ च्या आसपास. दोन कोबे एका पातळीत असतील तर जमून जाईल, पण नसणारच असं धरून भिंत पाडल्यावर मोजा आणि फरक सेल्फ-लेव्हलिंगमध्ये काढा. सासूबाईंच्या घरात ३-४ मिमीचा उंबराही नको, तिथेच पाय अडतो. लाकडाच्या कडेला पसरायला १० मिमी तरी जागा ठेवा, त्यावरची पट्टी फक्त एका बाजूला चिकटवा.
टाईल डिशवॉशर आणि फ्रिजच्या खाली शेवटपर्यंत गेलीच पाहिजे. पुढे थांबवली तर मशीन खालच्या खड्ड्यात उभं राहतं, वरून ओट्याचा दगड आणि पुढून टाईलची कड, आणि बिघडलं की बाहेर येत नाही. मी अशा घरात टाईल फोडून मशीन काढलंय. गळती झाली तरी पाणी त्या खड्ड्यातच साचतं आणि तुम्हाला कळत नाही. पायांवर उभ्या असलेल्या कॅबिनेटखालीही नेता आली तर न्या, पुढे कधी मांडणी बदलाल.

सुतारपक्षी
आणि एकाच बॅचच्या घ्या. खोक्यावर शेड (रंगछटा) आणि कॅलिबर (नेमकं माप) नंबर असतो, सगळ्या खोक्यांवर तोच हवा, वेगळा आला तर परत करा. तोडफोडीसाठी १० टक्के जास्त, तिरक्या मांडणीला १५. त्याशिवाय एक न फोडलेलं खोकं जपून ठेवा, काही वर्षांनी ती शेड मिळत नाही.

चौकट
तीन नमुने मागवलेत, सगळे मॅट, आर १० लिहिलेले. पाणी टाकून सासूबाईंना त्यावर उभं करून बघते.

पायरी
एकट्याने नको, तुम्ही हाताला धरा आणि बाजूला ओटा असू दे. नमुना सरकू नये म्हणून त्याखाली रबरी जाळी ठेवा. नुसतं पाणी नको, भांड्याच्या साबणाचं पाणी घ्या आणि नंतर दोन थेंब तेल चोळून परत बघा, स्वयंपाकघरात जमीन तशीच ओली होते. आणि त्या घरात ज्या चपला वापरतात त्याच घालून, मग अनवाणी.